व्यापक हिताचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

‘व्यापक हित’ हे शब्द सार्वजनिक चर्चेत उच्चारले गेले की कोणाला तरी काहीतरी सोडून द्यावे लागणार आहे, असे खुशाल समजावे. ज्यांचा लाभ होणार असतो त्यांना हे शब्द ऐकवण्याची गरज पडत नाही. ते ऐकवले जातात ज्याची जमीन पाण्याखाली जाणार आहे त्याला, ज्याच्या उपचारांचा खर्च यापुढे मिळणार नाही त्याला, ज्याच्या घरावरून रस्ता जाणार आहे त्याला. आणि ते अशा रीतीने ऐकवले जातात की उलट बोलणारा माणूस आपोआप स्वार्थी ठरतो. एकाच्या घरापेक्षा हजारांची सोय मोठी, हे गणित इतके उघड वाटते की ते मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही.

या गणितामागे एक पूर्ण वाढीचे नीतिशास्त्र उभे आहे. मराठीत त्याला उपयुक्ततावाद म्हणतात. कोणतीही कृती, कायदा किंवा धोरण योग्य की अयोग्य हे त्याच्या परिणामांवरून ठरते. परिणाम मोजायचे ते सुखदुःखात. आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्या सर्वांचे सुखदुःख सारख्याच मापाने मोजायचे, एवढा त्याचा गाभा. या सिद्धांताविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर जे खपवले जाते त्याची चीड आहे. सार्वजनिक निर्णय घेताना सुखदुःखाचा हिशेब मांडलाच पाहिजे. तो टाळणे हाही निर्दयपणाच आहे. परंतु हिशेब मांडला म्हणजे निकाल लागला असे होत नाही, आणि ज्याच्या खात्यावर तोटा पडणार आहे त्याला न विचारता मांडलेल्या आकड्यांना तर हिशेब म्हणणेही कठीण आहे.

आधी नावाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण मराठीत हे नाव दिशाभूल करते. ‘उपयुक्त’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अवजार येते, कामाला येणारी वस्तू येते. त्यामुळे उपयुक्ततावादी माणूस म्हणजे मतलबी, कामापुरता संबंध ठेवणारा, असा समज सहज होतो. सिद्धांतात उपयुक्तता पाहायची असते ती कृतीची. माणूस किती कामाचा आहे हा प्रश्नच तेथे नाही. त्याला किती सुख होते आणि किती दुःख, एवढाच प्रश्न आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही. अमेरिकेतील सिएटल येथे १९६० नंतर दीर्घकाळ डायलिसिस करणे प्रथमच शक्य झाले तेव्हा यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण पुष्कळ. कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी एक निनावी समिती नेमली गेली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकेतला अधिकारी, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक शल्यचिकित्सक असे सात जण होते. १९६२ साली एका नियतकालिकातून तिचे काम उजेडात आले, तेव्हा लोकांना समजले की ही मंडळी रुग्णाचे उत्पन्न, शिक्षण, कुटुंबातील मुले आणि चर्चमधला सहभागसुद्धा विचारात घेत होती. त्या सात जणांना मी दुष्ट म्हणणार नाही. एका यंत्रासमोर अनेक माणसे उभी असताना ‘समाजाला याचा उपयोग किती’ हा प्रश्न मनात कसा शिरतो, एवढेच त्यातून दिसते. दुःख मोजायला बसलेला हात कधी माणसाची किंमत मोजू लागला, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

या सिद्धांताचा प्रवर्तक जेरेमी बेंथॅम (१७४८–१८३२) याच्यावर मात्र हा आरोप करता येणार नाही. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ हे सूत्र त्याचे स्वतःचे नव्हे. तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचसनने ते १७२५ सालीच मांडले होते. बेंथॅमने त्याला कायद्याची परीक्षा घेण्याचे हत्यार बनवले. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने सुखदुःखाची तीव्रता, ते किती काळ टिकेल, किती निश्चित आहे, किती लवकर येईल, त्यातून तसलेच सुख किंवा दुःख पुन्हा निर्माण होईल काय, त्यात विरुद्ध भावनेची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोहोचेल, अशी सात परिमाणे सांगितली. आज ती यादी वाचताना थोडी बाळबोध वाटते, कारण दुःख तराजूत घालता येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या काळाकडे पाहा. शिक्षा किती द्यावी हे परंपरा सांगत होती, कोण पापी हे धर्मसंस्था सांगत होती, कोण प्रतिष्ठित हे जन्म सांगत होता. बेंथॅम त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता: यामुळे कोणाला दुःख होते, आणि त्या दुःखाच्या बदल्यात कोणाचे कोणते भले होते? त्या प्रश्नापुढे अनेक सनातन शिक्षा उघड्या पडल्या. समलिंगी संबंधांना गुन्हा मानण्यास काही आधार नाही, असा युक्तिवाद त्याने १७८५च्या सुमारास लिहून ठेवला. तो छापून यायला १९७८ साल उजाडावे लागले. प्राण्यांविषयी त्याने तळटिपेत लिहून ठेवलेला विचार तर आज त्याच्या साऱ्या ग्रंथापेक्षा अधिक वाचला जातो: त्यांना तर्क करता येतो का, बोलता येते का, हा प्रश्न नाही, त्यांना यातना होतात का, हा प्रश्न आहे.

‘प्रत्येकाची किंमत एक, कोणाचीही एकाहून जास्त नाही’ हे बेंथॅमचे वचन म्हणून त्याचा अनुयायी, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने सांगितले आहे. राजाची बोटदुखी आणि भिकाऱ्याची बोटदुखी हिशेबात सारखीच धरायची, हा त्याचा अर्थ. याहून समतावादी वाक्य नीतिशास्त्रात शोधून सापडणे कठीण. आणि ‘व्यापक हिता’ची भाषा करणारे लोक नेमके हेच वाक्य सर्वांत आधी मोडतात, ही माझी पहिली तक्रार आहे.

मोठ्या धरणांचे उदाहरण घेऊ, कारण तेथे कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहेत. जगभरच्या मोठ्या धरणांचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या जागतिक धरण आयोगाने २००० साली आपला अहवाल दिला. तोपर्यंत जगात ४५,०००हून अधिक मोठी धरणे बांधली गेली होती. त्यांनी सिंचन दिले, वीज दिली, पूर अडवले. आयोगाने हे नाकारले नाही. पण विस्थापित किती झाले या प्रश्नाचे उत्तर होते ‘४ ते ८ कोटी’. या उत्तराकडे नीट पाहिले पाहिजे. किती मेगावॅट वीज, किती हेक्टर भिजले, किती घनमीटर काँक्रीट ओतले, हे आकडे शेवटच्या पैपर्यंत मिळतात. आणि ज्यांची घरे बुडाली त्यांच्या संख्येत तब्बल चार कोटींचा फरक राहतो. म्हणजे दुःख किती झाले हे मोजणे दूरच, दुःखी कोण याची शिरगणतीही धड झाली नाही. अशा प्रकल्पांना ‘पुष्कळांच्या पुष्कळ सुखा’चा आधार दिला जातो, तेव्हा बेंथॅमची पहिलीच अट धाब्यावर बसवलेली असते. एका बाजूचे आकडे लिहून दुसरी बाजू कोरी ठेवायची आणि खाली बेरीज मांडायची, याला कोणत्याही हिशेबनिसाने हिशेब म्हटले नसते. आयोगाने या ‘ताळेबंदी’ पद्धतीवरच बोट ठेवले आणि तिच्याऐवजी हक्क व जोखीम यांपासून सुरुवात करावी अशी शिफारस केली: कोणाचे कोणते हक्क येथे गुंतले आहेत, आणि कोणावर त्याच्या संमतीवाचून जोखीम लादली जात आहे, हे आधी ठरवा.

समजा, मोजणी प्रामाणिकपणे झाली. प्रत्येक विस्थापित मोजला गेला, त्याची गेलेली शेतीच नव्हे तर विखुरलेले शेजारी, ओळखीची नदी, पुरलेले पूर्वज, सगळे जमेस धरले गेले, आणि तरीही बेरीज धरणाच्या बाजूनेच आली. मग विषय संपला का? येथे माझी दुसरी आणि अधिक खोल तक्रार सुरू होते. ती सिद्धांताच्या गैरवापराविषयी नाही, खुद्द सिद्धांताविषयी आहे.

दाताचे रूट कॅनॉल करून घेताना मी तासभर त्रास सोसतो, कारण पुढची अनेक वर्षे मला नीट जेवता येईल. हा सौदा शहाणपणाचा आहे, कारण सोसणारा मी आणि जेवणाराही मी. उपयुक्ततावाद हाच सौदा संपूर्ण समाजाला लावतो: काहींनी सोसावे, पुष्कळांनी भोगावे, एकूण शिल्लक वाढली म्हणजे झाले. पण समाज म्हणून एखादा मोठा देह अस्तित्वात नाही की ज्याचा एक दात दुखला तर त्याच्याच जिभेला पुढे चव लागेल. ज्याचे घर बुडाले त्याच्या खात्यावर शेजारच्या खोऱ्यातले ओलीत जमा होत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ साली हाच आक्षेप नेमका मांडला: हा सिद्धांत माणसामाणसांतील वेगळेपणा गांभीर्याने घेत नाही. मला तो निरुत्तर करणारा आक्षेप वाटतो.

तो कोरड्या तर्काचा राहू नये म्हणून एक प्रसंग जवळून पाहू. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने १९८७ साली गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून बहुतेक अवयव प्रत्यारोपणांचा खर्च देणे बंद केले. हेतू वाईट नव्हता; तोच पैसा गरोदर स्त्रियांच्या तपासण्यांवर आणि मुलांच्या आरोग्यावर लावला तर कितीतरी अधिक जीव वाचतील, असा साधा हिशेब होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा, त्याच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी लोकवर्गणी गोळा होत असतानाच वारला. मुलाचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता. तपासणीमुळे जगणार असलेल्या बाळांना चेहरा नव्हता. ती अजून जन्मलीही नव्हती. राज्यभर संताप उसळला. आणि मग ऑरेगनने एक असामान्य गोष्ट केली. गुपचूप निर्णय फिरवण्याऐवजी १९८९ साली कायदा करून आयोग नेमला आणि त्याला सांगितले, की सगळे आजार व त्यांवरचे उपचार यांची जाहीर क्रमवारी लावा. पैसा पुरेल तेथे रेघ ओढू, रेघेच्या वरचे सर्वांना मिळेल, खालचे कोणालाच मिळणार नाही.

१९९० साली पहिली यादी आली. तिच्यात १,६००हून अधिक जोड्या होत्या, प्रत्येक आजार व त्याचा उपचार अशी एक जोडी. उपचाराने आयुष्यात किती भर पडते, ती किती वर्षे टिकते, आणि त्यासाठी खर्च किती येतो, या सूत्रावर संगणकाने क्रम लावला होता. आणि त्या क्रमात दाताला कॅप बसवण्याचा उपचार गर्भाशयाबाहेर रुजलेल्या गर्भाच्या शस्त्रक्रियेच्या वर होता. अपेंडिक्सची शस्त्रक्रियाही कॅपच्या खालीच होती. म्हणजे तासाभरात रक्तस्राव होऊन जी स्त्री मरू शकते तिच्या आधी दात.

यादी पाहून लोक हसले आणि संतापले, पण सूत्र गणिताच्या दृष्टीने चुकले नव्हते, आणि येथेच सगळी गोम आहे. दाताची कॅप इतकी स्वस्त होती की एका शस्त्रक्रियेच्या खर्चात शंभराहून अधिक दात दुरुस्त होत होते. शंभर माणसांचा थोडा थोडा आराम एकत्र केला की तो एका जिवाच्या तोलाचा होतो, असे सूत्राने सांगितले. कारण एकत्र करणे एवढेच त्याला ठाऊक होते. पण शंभर जणांची दातदुखी एकत्रितपणे अशी कोणालाच होत नाही. प्रत्येकाला होते ती एकाच दाताची दुखी. त्या शंभरांपैकी एकेकाला बाजूला घेऊन विचारले असते, की तुझा दात आधी की त्या बाईचा जीव आधी, तर त्यांच्यातला एकही जण ‘दात’ म्हणाला असता असे मला वाटत नाही. बेरीज मात्र त्या सगळ्यांच्या वतीने तेच म्हणाली. जी मागणी कोणत्याही एका माणसाच्या तोंडी शोभणार नाही ती समूहाच्या नावाने कशी करता येते, याचे उत्तर उपयुक्ततावादाला अजून देता आलेले नाही.

आयोगाच्या सभासदांनी ती यादी बाजूला ठेवली आणि क्रम नव्याने लावताना जीव वाचवणाऱ्या तातडीच्या उपचारांना एक वेगळी, वरची जागा दिली. अनेक अर्थतज्ज्ञांना ही भावनेपुढे पत्करलेली शरणागती वाटली. मला ते नीतीचे भान वाटते. कोणते दुःख कोणत्या दुःखाशेजारी ठेवून तोलायचे, हे ठरवल्यानंतरच तराजू कामाचा, एवढे त्यांनी ओळखले.

उपयुक्ततावादाचे समर्थक येथे गप्प बसत नाहीत, आणि त्यांचे उत्तर हलके नाही. पुष्कळांच्या सुखासाठी एका निरपराध्याचा बळीही तुमच्या बेरजेत बसेल, असा आक्षेप घेतला तर ते म्हणतात, तुम्ही हिशेब आखूड केलात. निरपराध्याला बळी देणाऱ्या समाजात प्रत्येकाला भीती वाटेल, संस्थांवरचा विश्वास उडेल, आणि ते सारे दुःख जमेस धरले तर बेरीजच बळी देण्याच्या विरुद्ध जाईल. तेव्हा प्रत्येक कृती सुटी मोजू नका, ज्या नियमाने चालल्यास एकंदर दुःख कमी होईल तो नियम पाळा. व्यवहारात हे उत्तर पुष्कळदा बरोबर निघते. पण त्यात कारण चुकीचे दिलेले असते. निरपराध माणसाला फासावर देणे वाईट, कारण त्यामुळे इतर लोक घाबरतील? मग कोणालाच कळले नाही तर? उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ हेन्री सिज्विकने १८७४ साली या प्रश्नाला प्रामाणिकपणे तोंड दिले आणि कबूल केले, की सिद्धांताच्या दृष्टीने काही गोष्टी गुप्तपणे केल्यास योग्य आणि उघडपणे केल्यास अयोग्य ठरू शकतील. त्याच्या प्रामाणिकपणाला दाद दिली पाहिजे. पण जे नीतितत्त्व पडद्याआड वेगळे आणि पडद्यापुढे वेगळे बोलते त्याच्या हाती मी राज्य सोपवणार नाही.

मराठीत हा वाद नवा नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ या नावाखाली या मताचा सविस्तर समाचार घेतला आहे. पांडवांचे सैन्य सात अक्षौहिणी आणि कौरवांचे अकरा. पांडव हरले असते तर अधिक माणसे सुखी झाली असती, म्हणून पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरतो काय, हा त्यांचा सवाल आजही वाचकाला जागेवर थांबवतो. उपयुक्ततावादी याला उत्तर देईल, की नुसती डोकी मोजायची नसतात, सुखाची तीव्रताही मोजायची असते, आणि ते उत्तर खोटे नाही. गंमत अशी, की उतारवयात बेंथॅमला स्वतःलाच ‘पुष्कळांचे’ हा शब्द खटकू लागला होता. ४,००१ माणसांचा समाज कल्पून त्याने दाखवले, की २,००१ जणांनी उरलेल्या २,००० जणांचे सर्वस्व लुटून वाटून घेतले तर एकूण सुख वाढण्याऐवजी घटेल. म्हणजे बहुमताची जुलूमशाही त्याला नको होती. तरीही टिळकांचा रोख मला महत्त्वाचा वाटतो. मतभेद आहे तो त्यांच्या उपायाशी. परिणामांपेक्षा कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हे पाहावे, असे ते म्हणतात. व्यक्तीच्या आचरणाला हे लागू पडत असेल. सार्वजनिक धोरणाला ते पुरत नाही. निःस्वार्थी अधिकाऱ्याने शुद्ध बुद्धीने घेतलेल्या निर्णयातही गाव तितकेच बुडते.

आणि म्हणूनच, ‘आम्ही माणसांचा हिशेब करत नाही’ असे अभिमानाने म्हणणाऱ्यांचीही मला भीती वाटते. हिशेब न करणे हाही एक निर्णयच असतो. फक्त त्यातला तोटा कोणाला दिसत नाही. ऑरेगनमधल्या त्या मुलासाठी वर्गणी जमत होती, कारण तो दिसत होता. तपासणीवाचून दगावणाऱ्या बाळासाठी वर्गणी जमत नाही. मोजायचेच नाही असे ठरवले तर मदत मिळते ती ज्याचा फोटो छापून येतो त्याला, ज्याचा आवाज पोहोचतो त्याला, ज्याची ओळख आहे त्याला. आजच्या काळातला उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ पीटर सिंगर याने १९७१ च्या पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या हालांविषयी लिहिताना विचारले होते, की समोरच्या डबक्यात बुडणाऱ्या मुलाला कपडे खराब होतील म्हणून न वाचवणारा माणूस आपल्याला राक्षस वाटतो, मग अंतर वाढले की तीच गोष्ट क्षम्य कशी होते? त्याच्या निष्कर्षांपैकी पुष्कळ मला मान्य नाहीत. अर्भके आणि अपंग यांच्याविषयी त्याने पुढे जे लिहिले ते तर मुळीच नाही. पण या प्रश्नापासून सुटका नाही. न दिसणाऱ्या माणसाला दिसणाऱ्याच्या शेजारी आणून उभे करण्याचे साधन आकड्यांखेरीज आपल्यापाशी दुसरे फारसे नाही, आणि ते आपल्या हाती देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर याच सिद्धांताचे आहे.

तेव्हा हिशेब हवा आणि तो अपुरा आहे, या दोन्ही गोष्टी एकदम मान्य करून काय करायचे? तत्त्वज्ञांनी हक्कांची कुंपणे घालावीत असे सुचवले आहे: काही गोष्टी कोणत्याही बेरजेसाठी माणसाकडून हिरावून घ्यायच्याच नाहीत. मला ते मान्य आहे, पण कुंपणे नेमकी कोठे घालायची यावर वाद संपत नाही, आणि निर्णय तर रोज घ्यावे लागतात. म्हणून मी एक साधी कसोटी धरून चालतो. ज्याच्यावर तोटा पडणार आहे त्याच्यासमोर बसून, त्याच्याच भाषेत, तो तोटा त्याने का सोसावा याचे कारण सांगता येते का? ‘एकूण बेरीज वाढते’ हे त्याच्या दृष्टीने कारण होत नाही, कारण ती बेरीज त्याची नाही. ‘तुझ्याहून अधिक बिकट अवस्थेतला एक माणूस यामुळे वाचतो’ हे मात्र कारण आहे, कारण त्यात त्याच्यासारखाच एक माणूस समोर येतो. ‘तुझे जे जाते ते आधी पूर्ण भरून देऊ, आणि मगच काम सुरू करू’ हेही कारण होऊ शकते. जे कारण समोर बसून सांगण्याची हिंमत होत नाही ते कार्यालयात बसूनही खरे नसण्याची शक्यता मोठी असते.

समोर बसण्याचा आग्रह सौजन्यापोटी नाही. न विचारता मांडलेला हिशेब आकड्यांतही चुकतो, आणि हे खुद्द उपयुक्ततावाद्यांच्या इतिहासात दिसते. मिलने १८५९ साली व्यक्तिस्वातंत्र्याचा जो कैवार घेतला त्याला तोड नाही. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तो १८६७ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये उभा राहिला. आपले भले कशात आहे हे ज्याचे त्याला इतरांपेक्षा अधिक कळते, हे त्याच्या विवेचनाचे सूत्र होते. हाच मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत, कधीही न पाहिलेल्या देशाच्या कारभाराचे खलिते लिहीत होता, आणि त्याच स्वातंत्र्यावरील ग्रंथात त्याने मागासलेल्या समाजांना ते तत्त्व लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी एकतंत्री राज्य योग्यच आहे, असेही लिहून ठेवले. कोट्यवधी माणसांच्या हिताची बेरीज त्यांच्यापैकी एकालाही न विचारता केली जाऊ शकते, आणि ती करणारा आपल्या काळातला अत्यंत न्यायी माणूस असू शकतो, याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

ऑरेगनची गोष्टही तेथेच येऊन पोहोचते. क्रमवारी लावण्यासाठी आयोगाने राज्यातील सुमारे १,००० लोकांना दूरध्वनीवरून विचारले होते, की अमुक दुखणे किंवा अमुक अपंगत्व घेऊन जगणे तुम्हाला किती वाईट वाटेल. उत्तरे देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते अपंगत्व कधी अनुभवलेले नव्हते. खुर्चीला खिळलेले आयुष्य कसे असेल, याची धडधाकट माणसाने केलेली कल्पना आणि चाकाच्या खुर्चीतून रोज कामावर जाणाऱ्या माणसाने आपल्याच आयुष्याला दिलेले गुण यांत नेहमी मोठी तफावत पडते. दुसरा जवळपास दर वेळी अधिक गुण देतो. तरीही सूत्रात गेली ती पहिल्याची कल्पना, आणि तिच्यामुळे अपंगत्व मागे ठेवणाऱ्या उपचारांचे मोल घटण्याची वाट मोकळी झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारने अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी करणाऱ्या कायद्याकडे बोट दाखवून ही योजना परत पाठवली. आयोगाने आयुष्याच्या प्रतीविषयीचे ते दूरध्वनीवरचे गुण हिशेबातून काढून टाकले, क्रम पुन्हा लावला, आणि मार्च १९९३ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली. पुढच्या वर्षी ती अमलात आली तेव्हाही यादीत रेघ होतीच, रेघेखाली उपचार होते, आणि त्यांच्यामागे माणसेही होती; फरक एवढाच, की ती रेघ कोठे ओढली आणि का ओढली हे त्यांना जाऊन विचारता येत होते.